समुद्रापलीकडची पोच

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या किनाऱ्यावर २०० मेगाहर्ट्झवर चालणारे एक रडार होते. अशा यंत्राची दृष्टी साधारणतः क्षितिजापर्यंतच पोहोचते. परंतु उन्हाळ्याच्या दिवसांत त्याच्या पडद्यावर असे प्रतिध्वनी उमटत, की जवळपासच्या कोणत्याही जहाजाशी त्यांचा मेळ बसत नसे. शोधाअंती जे निष्पन्न झाले ते जाणकारांनाही चकित करणारे होते. ते प्रतिध्वनी अरबस्तानच्या भूमीचे होते. दीड हजार किलोमीटर आणि त्याहूनही दूरच्या किनाऱ्यावर लहरी जाऊन आदळत आणि एका सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्यात मुंबईस परत येत. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू झाला, की अरबस्तान पडद्यावरून नाहीसा होई.

ही हकिगत आठवण्याचे कारण माझा भाचा. रत्नागिरीस त्याचे वडिलोपार्जित भुसार मालाचे दुकान आहे, आणि घराच्या गच्चीवर ॲल्युमिनियमच्या कांड्यांची एक लांबट अँटेना आहे. शेजाऱ्यांना ती जुन्या दूरदर्शन संचाची वाटते. त्यात फारशी चूकही नाही, कारण दोन्हींचे घराणे एकच. यागी आणि उदा या जपानी अभियंत्यांनी १९२६च्या सुमारास ती रचना जगापुढे मांडली. केंद्र सरकारची परीक्षा देऊन भाच्याने हौशी रेडिओचा परवाना मिळविला, तेव्हा माझ्या मेहुण्यांनी पहिला प्रश्न केला, की यावरून वाशीच्या बाजारातील भाव विचारता येतील काय? भाच्याने सांगितले, की व्यापारी निरोपास या रेडिओवर कायद्यानेच मनाई आहे. “मग दुकानदाराच्या मुलाला याचा उपयोग काय?” या प्रश्नाचे उत्तर मेहुण्यांना अद्याप मिळालेले नाही. खरे सांगायचे तर ते मलाही देता येणार नाही.

हौशी रेडिओ म्हटले, की देशोदेशीच्या लोकांशी गप्पा, अशी आपली समजूत असते. ती लघुलहरींपुरती खरी आहे. त्या लहरी वरच्या आयनांबरावरून परावर्तित होऊन पृथ्वीच्या पाठीवर कोठेही उतरतात. भाच्याला ओढ आहे ती अतिउच्च कंप्रतेची, म्हणजे व्हीएचएफची. त्याचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा, लहरीची लांबी सुमारे दोन मीटर. या लहरी एरवी आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात आणि जमिनीवर दृष्टीच्या टप्प्यापलीकडे फारशा पोहोचत नाहीत. समुद्रसपाटीपासून शंभर मीटर उंचीच्या कड्यावर अँटेना उभारली, तरी तिचे रेडिओ-क्षितिज चाळीस किलोमीटरच्या आसपास. पलीकडचाही तेवढ्याच उंचीवर असेल, तर दोघांमध्ये ऐंशी किलोमीटर. हा झाला नित्याचा व्यवहार. ही मर्यादा ओलांडण्यासाठी निसर्गाच्या कृपेची वाट पाहावी लागते, आणि या छंदातील सारी गोडी त्या वाट पाहण्यातच आहे.

ती कृपा कशी होते, हे थोडे सांगावयास हवे. सामान्यतः उंच जावे तशी हवा थंड होत जाते. परंतु कधी कधी समुद्रालगतच्या थंड, दमट हवेवर उष्ण, कोरड्या हवेचा थर पांघरुणासारखा पसरतो. दोन थरांच्या सीमेवर आर्द्रता एकदम घटते, त्यामुळे वर निघालेली लहरी खाली वाकते. हे वाकणे पृथ्वीच्या गोलाईपेक्षा अधिक झाले, की लहरी निसटू शकत नाही. पन्हळातून पाणी जावे तशी ती समुद्राच्या कडेने शेकडो किलोमीटर वाहत राहते. उन्हाळ्यात अरबस्तानच्या वाळवंटावरून येणारी कोरडी हवा आपल्या समुद्रावर असाच थर अंथरते. पावसाळी वारे तो घुसळून मोडून टाकतात. मृगजळाचे कारणही हवेच्या थरांतील असेच वाकणे आहे. भेद इतकाच, की मृगजळात पाणी नसते आणि येथे अरबस्तान खरोखर असतो.

या मार्गाने माणसे किती दूर पोहोचली, याचे सर्वांत नावाजलेले उदाहरण प्रशांत महासागरातले. दक्षिण कॅलिफोर्नियातील जॉन चेंबर्स आणि हवाईतील राल्फ थॉमस या दोघा हौशी मंडळींनी मनावर घेतले, की दोन मीटरच्या पट्ट्यावर एकमेकांना गाठावयाचेच. मध्ये सुमारे चार हजार किलोमीटरचा अखंड समुद्र, वाटेत एक बेट नाही. क्षितिजाच्या गणिताने पाहिले तर हा वेडेपणाच. परंतु उन्हाळ्यात उत्तर प्रशांतावर उच्च दाबाचे क्षेत्र असते, त्यात वरची हवा खाली बसते आणि समुद्रावर उष्ण थराचे पांघरूण पडते, हे त्यांना ठाऊक होते. ठरलेल्या वेळी एकाने संकेत पाठवावेत, दुसऱ्याने ऐकावे. मग दुसऱ्याने पाठवावेत, पहिल्याने ऐकावे, असा त्यांचा क्रम. कानाला ऐकू येई ती केवळ खरखर. अखेर १९५७च्या जुलैमध्ये समुद्र बोलला. पुढे १९५९ मध्ये त्यांनी २२० मेगाहर्ट्झवरही तोच पल्ला गाठला.

आता या छंदातील ज्या गोष्टीने मला बांधून ठेवले, ती सांगतो. “संपर्क झाला” असे केव्हा म्हणावयाचे, याचा एक कडक दंडक आहे. केवळ ऐकू येणे पुरेसे नाही. तुमचे संकेतनाम त्याने पूर्ण ऐकले पाहिजे, त्याचे तुम्ही. मग ऐकू येण्याच्या प्रतीची नोंद दोघांनी एकमेकांस सांगावयाची, आणि ती मिळाल्याची पोच दोघांनीही द्यावयाची. शेवटची पोच आली नाही, तर सारे व्यर्थ. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्यास हे समजावून सांगावे लागत नाही. माल रवाना झाला म्हणून रोजकीर्दीत रक्कम जमा होत नाही. परंतु आपल्या व्यवहारात पोच न देणाऱ्याशी उद्या भांडता तरी येते. येथे मध्यस्थ हवा आहे. तिच्याशी भांडता येत नाही आणि तपासावयास तिसरा कोणी नसतो. नोंदवहीत काय लिहावे, हे पहाटेच्या अंधारात गच्चीवर बसलेला एकटा माणूस ठरवितो.

मागच्या वर्षी मे महिन्यात मी रत्नागिरीस होतो. पहाटे भाच्याने मला हलवून उठविले. “मामा, लवकर वर चला.” गच्चीवर गेलो. अँटेना पश्चिमेस वळविलेली. समुद्राकडे पांढुरके धुके. यंत्रातून खरखर, आणि तीत खोल कोठेतरी एक मानवी आवाज, विहिरीच्या तळातून यावा तसा. “अल्फा फोर वन...” ओमानची संकेतनामे अशी सुरू होतात. पुढची अक्षरे बुडाली. भाच्याने आपले संकेतनाम तीन वेळा उच्चारले. उत्तरात “व्हिक्टर युनिफॉर्म थ्री” एवढे ऐकू आले, आणि पुन्हा खरखर. व्हिक्टर युनिफॉर्म थ्रीने सुरू होणारी संकेतनामे भारतात हजारो आहेत. ती हाक त्यालाच होती काय? मी म्हणालो, दुसरे कोण असणार? त्याने मान हलविली. सहा वाजून गेले, ऊन वर आले, धुके विरले. आवाज पुन्हा आला नाही.

दुपारी दुकानात त्याच्या एका परिचिताचा फोन आला. ओमानमधील परवानाधारकांची यादी पाहावी, आदल्या दिवसांत कोण सक्रिय होते ते हुडकावे, उरलेली अक्षरे आपोआप जुळतील, असा त्याचा सल्ला. तसे केले असते तर अक्षरे जुळलीही असती. ते माणूस बहुधा तोच असता. या क्षेत्रात अशा संपर्काचे मोल मोठे. भाच्याचे नाव मंडळींत झाले असते. मीही, कबूल करतो, त्या सल्ल्याच्याच बाजूचा होतो. “अरे, खोटे कुठे आहे यात?” असे मी म्हणालोदेखील.

हा पेच केवळ माझ्या भाच्याचा नाही, हे त्यानेच मला समजाविले. नव्या प्रकारच्या पल्सारच्या शोधासाठी १९९३ साली भौतिकीचे नोबेल मिळविणारे जोसेफ टेलर हे स्वतः हौशी रेडिओवाले. त्यांनी २००१ साली उल्कांच्या आधाराने संपर्क साधण्याची एक संगणकप्रणाली सर्वांना मोफत दिली. उल्का जळते तेव्हा सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर क्षणभर आयनांची रेघ उमटते, आणि त्या क्षणात तिच्यावरून व्हीएचएफचा संकेत दोन हजार किलोमीटरपर्यंत जातो. कित्येकदा तो क्षण सेकंदाच्या काही दशांशांचाच. माणसाला त्यात एक शब्दही उच्चारता येत नाही. टेलरांनी पुढे चंद्रावरून परतणाऱ्या अतिक्षीण संकेतांसाठीही पद्धत काढली. जाऊन-येऊन साडेसात लक्ष किलोमीटर, सुमारे अडीच सेकंदांचा प्रवास. त्या पद्धतीत अशी एक सोय होती, की संकेत अर्धवट आला तर संगणक तो आपल्याजवळच्या ज्ञात संकेतनामांच्या यादीशी ताडून पाही आणि जुळणारे नाव सुचवी. यावर मोठा वाद माजला. यंत्राने ऐकले, की ओळखीच्या आधारे कल्पिले? दोन्ही बाजूंस जाणती मंडळी होती. मला स्वतःला यादीवाल्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे वाटत नाही. आपणही गर्दीत ओळखीचा आवाज अर्ध्या शब्दावरून ओळखतोच. परंतु आपण ओळखतो ते त्याच क्षणी, कानाने. दुसऱ्या दिवशी यादी उघडून नव्हे.

भाच्याने त्या रात्री नोंदवही माझ्यापुढे ठेवली. दुकानाच्या जुन्या लाल कापडी वहीसारखीच वही, त्याच वळणाचे अक्षर. दिनांक, वेळ पहाटे ५.४०, अँटेनेची दिशा, वाऱ्याची स्थिती. पुढच्या रकान्यात लिहिले होते: “अल्फा फोर वन. पुढील ऐकू आले नाही. पोच नाही.” संपर्काच्या रकान्यात आडवी रेघ.

मेहुण्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, वही मिटली आणि काहीच न बोलता आपल्या वह्यांच्या फडताळात ठेवून दिली. यंदा मे उजाडताच भाच्याने अँटेना पुन्हा पश्चिमेस वळविली आहे. पाऊस येईपर्यंत रोज पहाटे चार ते सहा तो गच्चीवर असतो. दुकान नऊला उघडते.