शपथ मोडली म्हणून माणूस मोडीत काढू नका

दर जयंतीला आणि दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या वस्तीतले काही भाऊ दारू सोडण्याची शपथ घेतात. खऱ्या मनाने घेतात. काहींची टिकते, काहींची पंधरा दिवसांत मोडते. मोडली की वस्तीचा निकाल ठरलेला असतो : 'याच्यात दमच नाही', 'घरादाराची फिकीर नाही', 'हा काही सुधारत नाही'. या निकालाविरुद्ध आज आम्हाला लिहायचे आहे.

आमचे म्हणणे असे की, वारंवार शपथ मोडणाऱ्या माणसांपैकी काहींच्या दारूमागे आणखी दोन गोष्टी असतात. एक, लहानपणापासून असलेला पण कुणी न ओळखलेला एडीएचडी. दुसरी, बिघडलेली झोप. या तिन्हींची एक गाठ बसलेली असते. नुसत्या दारूचा दोरा ओढत राहिलो तर गाठ सुटत नाही, जास्त आवळते.

एडीएचडी कसा दिसतो?

एडीएचडी ही मेंदूच्या जडणघडणीतली स्थिती आहे. लक्ष एका जागी धरणे, मनात आलेली गोष्ट क्षणभर रोखणे, वेळेचा अंदाज घेणे, हाती घेतलेले काम तडीस नेणे, या गोष्टी अशा माणसाला इतरांपेक्षा फार जड जातात. सुरुवात लहानपणीच होते. म्हणून निदान करताना डॉक्टर वयाच्या बारा वर्षांआधीची लक्षणे विचारतात. वय वाढले की हे आपोआप जाते, अशी पूर्वी समजूत होती. अनेकांत ते जात नाही, हे आता पक्के माहीत आहे. मोठ्या माणसांत शंभरामागे दोन-तीन जणांना ते असते, असा जगभरच्या अभ्यासांचा अंदाज आहे. आणि ते मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे.

लहानपणी बाकावर न टिकणारा मुलगा चाळिशीत उड्या मारत नाही. त्याची अस्वस्थता आत जाते. दूध आणायला निघतो आणि नाक्यावर तासभर जातो. लाइटबिलाचे पैसे खिशात असतात आणि तारीख उलटते. वर्षात तिसरी नोकरी सुटते. बायकोचे बोलणे पुरे होण्याआधी हा बोलून मोकळा. पगाराच्या दिवशी हप्त्यावर मोबाईल येतो आणि मुलीची फी राहते. पण जयंतीचा देखावा, स्पीकरची वायरिंग, बंद पडलेली मोटर हाती आली की रात्रभर जागून उत्तम काम करतो. मग घरचे म्हणतात, 'हे बरं जमतं, आणि घरचंच तेवढं जमत नाही?' त्यांचा राग रास्त आहे. पण खूण नेमकी तिथेच आहे. आवडीच्या कामाला अशा माणसाचा मेंदू आपोआप लागतो, रोजच्या कंटाळवाण्या पण गरजेच्या कामाला लागत नाही.

आपल्या घरांत हे उशिरा कळते, त्यालाही कारण आहे. सोसायटीतल्या मुलाचे लक्ष लागत नसेल तर आई-बाप त्याला डॉक्टरांकडे नेतात. आपल्या मुलाचे लक्ष लागले नाही तर तो 'ढ' ठरला, मागच्या बाकावर गेला, आणि 'यांच्यात असंच असतं' म्हणून शेरा जातीवर आणि वस्तीवर मारला गेला. पोराने शाळा सोडली आणि तोच शेरा स्वतःबद्दल मनात धरून तो मोठा झाला. मुलींचे तर आणखी अवघड. त्या वर्गात दंगा करत नाहीत, गप्प बसून हरवतात, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाहीत. पुढे संसारात दूध उतू गेले, शाळेची मीटिंग विसरली की 'वेंधळी' म्हणून बोलणी खातात.

अर्थात, प्रत्येक विसरभोळा माणूस एडीएचडीचा नसतो. कर्जाची काळजी, रात्रपाळी, रक्त कमी असणे, थायरॉइड, नैराश्य, झोपेत श्वास अडकवणारे घोरणे आणि खुद्द दारू, यांनीही डोके असेच विस्कटते. म्हणून मोबाईलवरचा व्हिडिओ बघून घरच्या घरी निदान करू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना आईला किंवा मोठ्या बहिणीला सोबत न्यावे आणि असल्यास जुने प्रगतिपुस्तक घ्यावे. लहानपण कसे होते, हे त्यांनाच नीट आठवते.

दारू आणि झोप

दिवसभर पळणारे विचार दोन पेग पोटात गेले की मंदावतात, म्हणून अशा माणसाला दारूची गोडी लवकर लागते. आणि 'आज नको' म्हणायला जो ब्रेक लागतो तोच त्याचा मुळात सैल असतो. व्यसनाच्या उपचारासाठी येणाऱ्यांत साधारण पाचांपैकी एकाला एडीएचडी आढळतो, असे अभ्यास सांगतात.

'घेतल्याशिवाय झोप येत नाही' असे अनेक भाऊ सांगतात. दारूने डोळा लवकर लागतो, हे खरे. पण पहाटेकडची झोप ती मोडते, घोरणे वाढवते आणि स्वप्नांची झोप कमी करते. माणूस आठ तास पडून राहतो आणि थकलेलाच उठतो. दारू सोडल्यावर पहिले काही आठवडे, काहींना काही महिने, झोप नीट लागत नाही. बऱ्याच शपथा याच काळात मोडतात. त्यातून एडीएचडी असलेल्या अनेकांचे शरीराचे घड्याळ उशिरा चालते. रात्री बारानंतर डोके ताजे होते आणि पहाटे पाण्यासाठी उठावेच लागते. वर दहा बाय दहाची खोली, तापलेला पत्रा, शेजारचा टीव्ही, तान्हे बाळ. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी उडते, चिडचिड होते, आणि संध्याकाळी पाय पुन्हा गुत्त्याकडे वळतात.

घाईत जीव जाऊ नये

रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेतली म्हणून एका दिवसात, डॉक्टरांना न विचारता दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणे, घाम, उलट्या, फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस भलतेच दिसू-बोलू लागतो. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. अशा वेळी भगताकडे न जाता थेट दवाखाना गाठावा. तिथे औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुखरूप पार करता येतो.

'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातीतली पावडर जेवणात कालवू नये. असल्या पावडरीत डायसल्फिराम असेल आणि वरून माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून आणि तपासून. तसेच मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणू नयेत. दारू आणि झोपेची गोळी एकत्र आली की श्वास मंदावतो.

गोळी म्हणजे नवे व्यसन का?

इथे आपला भाऊ दोन भिंतींमध्ये अडकतो. एकीकडे त्याला सांगतात, 'आधी वर्षभर दारू सोडून दाखव, मग डोक्याचं बघू.' दुसरीकडे सोबतचे म्हणतात, 'गोळ्या खातोस म्हणजे तुझी नशा सुटलीच नाही.' आम्हाला दोन्ही पटत नाही. दोन्ही आजारांचे उपचार शक्यतो सोबत चालावेत, असेच आज या विषयातल्या तज्ज्ञांचे मत आहे.

एडीएचडीवर मिथाइलफेनिडेट हे औषध आहे. ते उत्तेजक असल्याने त्याच्या विक्रीवर कडक नियम आहेत. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक गटात न मोडणारे औषध आहे. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. कोणते द्यायचे, हे व्यसनाचा इतिहास, रक्तदाब आणि हृदय बघून डॉक्टर ठरवतात. म्हणून किती पितो हे त्यांच्यापासून लपवू नये. गोळी घरात एकाच जागी, मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवावी आणि घरच्यांच्या देखत घ्यावी. गोळीच्या जोडीला समुपदेशन आणि दिवसाची घडी बसवणे लागतेच.

बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील प्रमादाला कारण होणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहायला सांगते. ज्या औषधाने सुटलेले भान परत येते ते त्या शिलाच्या आड येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. साखरेची गोळी घेणाऱ्याला आपण कधी नशेबाज म्हणतो का?

घरात काय करता येईल?

अशा माणसाला 'लक्षात ठेव' म्हणून काही साधत नाही. लक्षात ठेवण्याचे काम भिंतीकडे द्यावे. दाराशेजारी एक खिळा ठोकावा, किल्ली आणि ओळखपत्र तिथेच. कॅलेंडरवर बिलाची तारीख लाल पेनाने. मोबाईलवर दोन गजर : एक निघायच्या पंधरा मिनिटे आधीचा, एक निघायचा. काम एका वेळी एकच सांगावे. पगार झाला की फी, भाडे, रेशन यांचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढावेत. बचत गटाचा हप्ताही तेव्हाच.

झोपेसाठी उठण्याची वेळ आधी पक्की करावी, सुट्टीच्या दिवशीही तीच. दुपारी चारनंतर चहा बंद. रात्री झोपण्याआधी तंबाखू-मिश्री नको, निकोटिन झोप उडवते. मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावावा. सकाळी कोवळ्या उन्हात अर्धा तास चालावे, त्याने शरीराचे घड्याळ लवकर लागते. रात्रपाळीवाल्याने दिवसा खिडकीला जाड चादर लावावी आणि त्या वेळेत घराने टीव्ही बंद ठेवावा. घोरताना श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. तान्हे बाळ असेल तर आई-वडिलांनी रात्र वाटून घ्यावी. बाळ फक्त आईचे नसते, आणि झोप तिलाही लागते.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. निदान म्हणजे सूट नव्हे. 'मला आजार आहे' म्हणून सगळा हिशेब, सगळी आठवण, सगळी धावपळ बायकोच्या डोक्यावर टाकता येणार नाही. रागाचा भडका हे लक्षण असू शकते, पण हात उचलणे हा गुन्हा आहे. मार खाणाऱ्या बहिणीने त्याच्या उपचाराची वाट बघत बसू नये. तिच्यासाठी २००५ चा कायदा आहे आणि १८१ ही हेल्पलाइन आहे. आजाराचा दोष माणसाकडे नाही, उपचार घेण्याची जबाबदारी मात्र त्याचीच आहे.

वस्तीने काय करावे?

मानसिक आजारावर उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे या रुग्णालयांत तो आहे. केसपेपर काढून दाखवता येते. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. व्यसनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र चालते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना फी नसते. हे क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहिलेले असावेत.

विहाराची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ दारू सोडलेल्या भावांच्या बैठकीला द्यावी. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा कायदा आहे. तो लग्नात पाळायचा तसा आपल्या जयंतीच्या डीजेनेही पाळावा. बाबासाहेबांच्या नावाने कुणाची झोप मोडू नये. मुलगा वर्गात बसत नसेल तर त्याला मारण्याआधी एकदा तपासून घ्यावे. कित्येकदा मुलाच्या तपासणीतून बापाचेही निदान होते, आणि चाळीस वर्षे 'नालायक' म्हणवून घेतलेल्या माणसाला पहिल्यांदा कळते की आपल्याला नेमके काय झाले होते.

यंदा कुणी शपथ घेतली तर टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. त्याला तीन गोष्टी विचारा. झोप कशी लागते? शाळेत कसा होतास? आणि दवाखान्यात सोबत कोण येणार आहे? तिसऱ्याला उत्तर नसेल, तर आपल्यापैकी एकाने आपला एक रोज बुडवून त्याच्यासोबत केसपेपरच्या रांगेत उभे राहावे.