अहिफेन, टॅपेंटाडोल आणि आपण

टॅपेंटाडोल व कॅरिसोप्रोडोल यांच्या संयुक्त गोळ्या महाराष्ट्रातून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले आणि केंद्राने त्यांच्या उत्पादनाची व निर्यातीची परवानगी मागे घेतली. ट्रामाडोल २०१८ मध्येच अमली पदार्थ कायद्याखाली आले होते. बाजार शेजारच्या औषधाकडे वळला, इतकेच. म्हणून एकेका नावावरील बंदी आम्हांस अपुरी वाटते. प्रत्येक खेपेची खातरजमा आयातदार देशाकडून व्हावी, अशी तरतूद हवी.

मात्र 'हे ॲलोपॅथीचे दुखणे' म्हणून वैद्यवर्गाने हात झटकू नयेत. अहिफेनयुक्त कामिनीविद्रावण रस परदेशांत नशेची गोळी म्हणून पकडला गेला आहेच. अहिफेन अनुसूची ई-१ मध्ये असूनही आपल्या जिल्ह्यात तो चिठ्ठीविना मिळतो का, हे दुकानदार बंधूंनी स्वतःस विचारावे. अहिफेनकल्पांची स्वतंत्र नोंदवही आम्हीही गतवर्षापासूनच ठेवू लागलो. उशिराच, हे मान्य.