शौर्य जवानांचे, सिद्धता कोणाची?

१३ मार्च २०१८ रोजी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल सभागृहात सादर झाले. त्यांत भूदलाचे तत्कालीन उपप्रमुख लेफ्टनंट जनरल सरथ चंद यांची साक्ष नोंदलेली होती. आधुनिक सैन्याजवळ साधारणतः एक तृतीयांश सामग्री जुनी, एक तृतीयांश प्रचलित आणि एक तृतीयांश अत्याधुनिक असावी, असा दंडक मानला जातो. आपल्या भूदलाजवळ मात्र ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के प्रचलित आणि अवघी ८ टक्के अत्याधुनिक आहे, असे त्यांनी समितीला सांगितले. आधुनिकीकरणासाठी २०१८-१९ या वर्षाकरिता २१,३३८ कोटी रुपयांची तरतूद झाली होती. आधीच चालू असलेल्या १२५ योजनांचे देणेच २९,०३३ कोटींचे होते. नवे शस्त्र घेणे दूरच, जुनी देणी भागविण्यासही पैसा अपुरा होता.

दुसऱ्याच दिवशी, १४ मार्चला, लोकसभेने सर्व मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना एकत्र मंजूर केल्या. संसदीय परिभाषेत याला ‘गिलोटिन’ म्हणतात. विरोधी बाकांवरील सदस्य भलत्याच विषयांवर घोषणा देत होते आणि सत्ताधारी बाकांनीही कामकाज उरकून घेण्यात धन्यता मानली. भूदलाच्या उपप्रमुखाने दिलेल्या इशाऱ्यावर चोवीस तासांच्या आत देशाच्या सर्वोच्च सभागृहाने एक शब्दही न उच्चारता शिक्का मारला. हा प्रसंग आज आठवण्याचे कारण आहे. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’च्या यशाने सर्वांची छाती अभिमानाने फुगली आहे, आणि विजयानंतरचा काळ हाच सिद्धतेच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो.

त्या समितीचे अध्यक्ष होते भाजपाचे गढवालचे खासदार, निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी. आयुष्याचा मोठा भाग लष्करी गणवेशात काढलेला आणि अटलजींच्या मंत्रिमंडळात देशाच्या महामार्गांचे काम पाहिलेला हा मनुष्य. केंद्रात स्वपक्षाचे सरकार असतानाही त्यांच्या समितीने सैन्याच्या उणिवा झाकून ठेवल्या नाहीत. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये समितीची पुनर्रचना झाली आणि अध्यक्षपद कलराज मिश्र यांच्याकडे गेले. त्यावर तेव्हा पुष्कळ राजकीय चर्चा झाली. त्या चर्चेत आपल्याला शिरावयाचे नाही. अध्यक्ष बदलल्याने आकडे बदलत नाहीत, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

अशा वेळी काही मंडळींना प्रश्न पडतो, की आपल्याच माणसाने आपल्याच सरकारविषयी असे जाहीरपणे का बोलावे? राष्ट्र हे सरकारहून मोठे आहे, असे आपण इतरांना सांगत आलो. ते वचन स्वतःच्या सरकारच्या काळात पाळले, तरच त्याला किंमत. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या कारभाराचे वाभाडे काढले, तेव्हा त्यांची संभावना व्यक्तिद्वेषाचे राजकारण म्हणून केली गेली. १९६२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून मेनन यांनी कृपलानींचा मोठ्या मतांनी पराभव केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्य नेफात उतरले, आणि कृपलानी काय सांगत होते ते देशाला रक्ताची किंमत मोजून कळले. मुंबईच्या मतदारांनी ज्यांना निवडले त्या मेनन यांच्या जागी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रातूनच यशवंतराव चव्हाणांना दिल्लीस जावे लागले. युद्ध चालू असतानाच संसदेचे अधिवेशन बोलवा, असा आग्रह जनसंघाचे तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांनी धरला आणि पं. नेहरूंनी तो मान्य केला. युद्धकाळात प्रश्न विचारल्याने देश दुबळा होतो, असे त्या वेळी अटलजींना वाटले नाही. पराभवानंतर संरक्षणखर्च दोन वर्षांत दुपटीहून अधिक झाला. जो पैसा आधी नव्हता, तो नंतर कोठून आला? तो होताच; इच्छा नव्हती.

राष्ट्रीय विचारांच्या मंडळींना ही चिंता नवी नाही. डॉ. बा. शि. मुंजे यांनी परकीय राजवटीत भारतीयांच्या लष्करी शिक्षणाचा ध्यास घेतला आणि १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभे केले. त्याही मागे गेलो, तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूची काळजी किती बारकाईने घेतली आहे ते दिसते. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू सादळू नये म्हणून ती ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळवावी, अशी ताकीद तेथे आहे. स्वराज्य केवळ तलवारीच्या पात्यावर उभे नव्हते. कोठाराच्या हिशेबावरही उभे होते.

आता हा हिशेब पाहा. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, सप्टेंबर २०१६ मध्ये तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यापैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या घनघोर लढाईलाही पुरणारा नव्हता. ठरलेले प्रमाण चाळीस दिवसांचे होते. त्यानंतर भूदलाच्या उपप्रमुखांना तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळाले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याचे काम पाहणारी ‘म्युनिशन्स इंडिया’ ही कंपनी पुण्यातून चालते. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा येथील कारखाने तिच्याच अखत्यारीत आहेत. सुधारणा झाली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु ती झाली ती उणीव कोणीतरी कागदावर आणली म्हणून, हेही तितक्याच मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तोफांची कथा अधिक बोलकी आहे. बोफोर्सचा करार १९८६ चा. त्यातील दलालीच्या प्रकरणाने राजकारण ढवळून निघाले आणि खरेदीच्या फाइलीवर सही करण्याचीच सर्वांना धास्ती बसली. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर त्याच बोफोर्स तोफांनी जवानांना आधार दिला. पण शत्रूच्या तोफांची ठिकाणे अचूक हुडकणाऱ्या आधुनिक रडारची उणीव त्या वेळी तीव्रतेने जाणवली. नव्या मोठ्या तोफा सैन्यात दाखल होण्यास ९ नोव्हेंबर २०१८ चा दिवस उजाडावा लागला. नाशिकजवळ देवळाली येथे ‘एम-७७७’ आणि ‘के-९ वज्र’ या तोफा त्या दिवशी तोफखान्यात आल्या. मधल्या बत्तीस वर्षांत तोफखान्यात भरती झालेला जवान हवालदार होऊन निवृत्तही झाला असेल. तोफ मात्र तीच राहिली.

वायुदलाचेही तेच. मान्य स्क्वॉड्रन ४२. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ‘मिग-२१’ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. १२६ लढाऊ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली, ती २०१५ मध्ये गुंडाळली गेली आणि अखेर ३६ राफेलचा करार २०१६ मध्ये झाला. ८३ ‘तेजस मार्क-१ ए’ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. ती २०२४ पासून मिळावयाची होती, पण ठरलेली मुदत टळली. ‘सिंदूर’मध्ये ज्या ब्राह्मोस आणि आकाश क्षेपणास्त्रांनी नाव काढले, त्यांची पाळेमुळे अनुक्रमे १९९८ चा रशियाशी झालेला करार आणि १९८३ चा क्षेपणास्त्रविकास कार्यक्रम यांत आहेत. २०२५ चे यश ही आधीच्या पिढ्यांनी पेरलेल्या बियांची फळे आहेत. २०४५ साठी आपण आज काय पेरतो, हा खरा प्रश्न आहे.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६,८१,२१० कोटी रुपये होते. आकडा भव्य आहे. त्यातील सुमारे १,६०,००० कोटी निवृत्तिवेतनाचे. तो जवानाचा हक्कच आहे, त्याविषयी वाद नको. शस्त्रे, विमाने, नौका यांसाठीचा भांडवली खर्च १,८०,००० कोटी, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. आणि त्याच्या आदल्या वर्षी काय झाले? २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चासाठी १,७२,००० कोटी दिले होते. सुधारित अंदाजात ते १,५९,५०० कोटींवर आले. २०१८ मध्ये पैसा अपुरा होता म्हणून खरेदी अडली. २०२४-२५ मध्ये पैसा होता, तरी तो पूर्ण वापरला गेला नाही. दोन्ही आजारांचे मूळ एकच. शस्त्रखरेदीस दहा वर्षे लागतात आणि आपला अर्थसंकल्प ३१ मार्चला संपतो.

यावरील औषध संघपरिवारातील कोणालाही अपरिचित नाही. फेब्रुवारी २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जसवंतसिंहांनी २५,००० कोटींचा, वर्षअखेर न संपणारा संरक्षण आधुनिकीकरण निधी घोषित केला होता. सरकार बदलले आणि ती घोषणा हवेत विरली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी २,३८,३५४ कोटींच्या अशाच निधीची शिफारस केली. केंद्राने ती तत्त्वतः स्वीकारली. परंतु ‘तत्त्वतः’ हा शब्द दिल्लीत फार प्रशस्त आहे, त्यात कितीही वर्षे मावतात. अटलजींच्या सरकारने मांडलेली ही कल्पना आपल्याच विचारांच्या सरकारने पूर्णत्वास नेली, तर ती त्यांना सर्वोत्तम आदरांजली ठरेल.

असे आकडे उघड झाल्याने शत्रूचे फावते, असा आक्षेप घेतला जातो. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात आणि गोपनीय भाग छापला जात नाही. शत्रूची हेरखाती आपल्या अहवालांवर विसंबून नसतात. अंधारात राहतो तो आपलाच नागरिक. आमचा जवान हाती असेल त्या शस्त्राने लढेल, हेही खरे. तो लढतोच. पण त्याच्या शौर्यावर भिस्त ठेवून आपण आपले कर्तव्य टाळणे हा त्या शौर्याचा अपमान आहे.

म्हणून एक साधी अपेक्षा. संरक्षणाच्या मागण्या कोणत्याही परिस्थितीत चर्चेविना मंजूर होऊ नयेत, आणि स्थायी समितीच्या अहवालावर दरवर्षी किमान एक पूर्ण दिवस सभागृहात खर्च व्हावा. आपल्या मतदारसंघाचा खासदार गावी आला, की हारतुरे होतात, रस्त्याची आणि रेल्वेथांब्याची निवेदने दिली जातात. त्या निवेदनांत आणखी एक ओळ घालावी: “संरक्षणाच्या मागण्यांवर आपण या वर्षी काय बोललात?” खासदार आपल्या पक्षाचा असेल, तर हा प्रश्न अधिक आग्रहाने विचारावा, कारण परक्याकडून अपेक्षा नसते, ती आपल्याच माणसाकडून असते.