आधी नाव सांगा

जीसीसी हा कंपायलर बांधताना तीन यंत्रं वेगळी धरावी लागतात: बांधकाम चालतं ते बिल्ड, तयार कंपायलर चालेल ते होस्ट आणि ज्याच्यासाठी तो कोड काढेल ते टार्गेट. नुसता होस्ट सांगून बिल्ड गाळला, की ऑटोकॉन्फने तयार केलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट अंदाज बांधते. चिमुकला प्रोग्राम कंपाइल करून चालवून बघते. चालला तर नेहमीचं बांधकाम, अडला तर क्रॉस, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठीचं. या परीक्षेवर माझा अजिबात विश्वास नाही. लिनक्सवर क्यूईएमयू हा एम्युलेटर नोंदवलेला असेल तर एआरएमचा प्रोग्राम इंटेलच्या यंत्रावरही बिनबोभाट चालतो आणि स्क्रिप्ट फसते. बिल्ड आणि होस्ट दोन्हींची नावं दिली, की ती फक्त अक्षरं ताडून पाहते, वेगळी असली तर क्रॉस, आणि हेच भरवशाचं. लिनक्स मुळापासून बांधायला शिकवणाऱ्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ने यातूनच सुंदर वाट काढली: प्रोसेसर तोच ठेवून टार्गेटच्या नावात ‘एलएफएस’ घातलं, म्हणजे नावं जुळत नाहीत आणि यजमान यंत्राच्या लायब्रऱ्यांपासून नवी प्रणाली अलिप्त राहते. एकदा क्रॉस ठरलं की काहीही चालवून बघता येत नाही. मग सी भाषेतल्या ‘इंट’चा आकारसुद्धा स्क्रिप्ट केवळ कंपाइल करून शोधते: अंदाज चुकला तर ॲरेची लांबी उणे होईल अशी ओळ लिहायची आणि कंपायलर ती नाकारतो का, एवढंच बघायचं.