गाठ वेचणी संपायची वाट पाहत नाही

कपाशीवर अळी दिसली की शेतकरी रात्री दहाला मला फोन करतो. आमच्या थोरल्या वहिनींच्या स्तनात गाठ लागली, तेव्हा मात्र त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नाही. दसऱ्याला ती हरभऱ्याच्या घाट्याएवढी होती. दुखत नव्हती. वेचणी तोंडावर आलेली, मजूर मिळेना. संक्रांतीला माझ्या बायकोजवळ बोलल्या, तोवर लिंबाएवढी झाली होती.

सुईने तुकडा काढून तपासला. 'ट्रिपल निगेटिव्ह' असा रिपोर्ट आला. म्हणजे हार्मोनच्या गोळ्या लागू पडत नाहीत आणि 'हर-टू' प्रकारावरचं इंजेक्शनही चालत नाही. मुख्य भरवसा केमोथेरपीवर. हा प्रकार झपाट्याने वाढतो, तरुण बायकांतही आढळतो. पण केमोला तो बरेचदा चांगली दाद देतो. उलटण्याचा धोका पहिल्या तीन वर्षांत जास्त असतो, पाच वर्षांनंतर बराच कमी होतो. हे गावात कोणी सांगत नाही. गावात सांगतात ते एकच, सुई लावली की गाठ पसरते. ते साफ खोटं आहे.

चार केमो झाल्यावर गाठ हाताला लागेना. भाऊ म्हणाला, "गेली की! आता ऑपरेशन कशाला?" मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी बजावलं, हाताला लागत नाही म्हणजे संपली असं नाही. मग उरलेले केमो, ऑपरेशन, शेक, सगळं पुरं केलं. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसले. जाण्या-येण्याच्या नि राहण्याच्या खर्चापायी शेळ्या विकल्या. (कॅन्सरच्या रुग्णाला एस.टी.च्या भाड्यात सवलत असते, हे कळेपर्यंत निम्म्या फेऱ्या झाल्या होत्या.) यंदा सहावं वर्ष. वहिनी शेतात जातात. डावा हात सुजतो, म्हणून जड पाटी उचलत नाहीत.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी, शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी नुसत्या हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले. आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात तसा फरक दिसला नाही. म्हणून तरुण बाईने शिबिराच्या तारखेवर विसंबू नये, गाठ लागली की त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी उपकेंद्रात व्हावी, असं सरकारी कार्यक्रमात आहेच. पण आमच्या भागात शिबिर लागतं ते नेमकं वेचणीच्या दिवसांत. मजुरी बुडवून कोण येणार? माझं म्हणणं, ते पोळ्याच्या सुमारास घ्या. निंदण आटोपलेलं असतं, कापूस फुटायचा असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हाताने मळतो, सूज असेल तर त्याला जुंपत नाही. घरच्या बाईला मात्र वर्षात कोणी विचारत नाही.

शेतकरी मेळाव्यात कृषी खात्याच्या माणसाने हा विषय काढणं बरं दिसत नाही, असं मला एका सहकाऱ्याने ऐकवलं. मेळाव्यात निम्म्या बायका असतात, त्यांना फक्त गांडूळखतच सांगायचं का?

यंदा आमच्या बचत गटाची बैठक पोळ्यानंतरच्या बुधवारी आहे. नर्सबाईंनी यायचं कबूल केलंय. आधी वहिनी बोलणार आहेत.