मंडळ बंद पडणे आणि मंडळ बंद करणे

हट्टा परिसरात (ता. वसमत) फिरताना असे एखादे तरी मंडळ भेटतेच, ज्याचा फलक शाबूत आहे, शिक्का कुणाच्या तरी घरातल्या ट्रंकेत आहे आणि अध्यक्षांना जाऊन दहा-बारा वर्षे झाली आहेत. अशाच एका मंडळाच्या बैठकीला मी नुकतीच बसले होते. नोंदणी प्रमाणपत्रावर जिल्हा परभणी, कारण हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. सात विश्वस्तांपैकी चार हयात नाहीत. "कटकट कशाला, बंदच करून टाकू," एक तरुण म्हणाला. त्यावर मागे बसलेल्या आजींनी विचारले, "मंग इहाराच्या जागेचं काय?"

खरा प्रश्न तोच आहे.

आपली बहुतेक मंडळे दोन कायद्यांखाली नोंदलेली असतात: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. पहिल्या कायद्याप्रमाणे संस्था विसर्जित करायला त्यासाठीच बोलावलेल्या सभेत किमान तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते. देणी फेडून जे उरेल ते सभासदांना वाटून घेता येत नाही, ते दुसऱ्या संस्थेलाच द्यावे लागते. कोणत्या, हेही सभासदच तशाच बहुमताने ठरवतात. ठराव झाला म्हणजे काम संपले असेही नाही. धर्मादाय कार्यालयात प्रकरण दाखल करावे लागते आणि जमीन हस्तांतरित करायची तर कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते.

आपण मात्र मंडळ बंद करत नाही, ते बंद पडू देतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर हे महाग पडू शकते. विश्वस्त काहीच काम करत नाहीत आणि पाच वर्षे बदल अर्ज, लेखापरीक्षित हिशेब दिलेले नाहीत, असे चौकशीत दिसले तर उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्त नोंदणी रद्द करू शकतात. मग मालमत्तेचा ताबा त्यांच्याकडे जातो. गरज वाटल्यास ती विकून पैसे सार्वजनिक न्यास प्रशासन निधीत जमा करण्याचाही अधिकार त्यांना आहे. मजुरीतून वर्गणी काढून घेतलेली विहाराची जागा अशी जाऊ शकते. मयत अध्यक्षांचा मुलगा आपोआप विश्वस्त होत नाही, हेही अनेकांना पटत नाही. सातबारा घरात आहे म्हणून जागाही घरची होत नाही.

संस्था बंद करण्यात कमीपणा मानायचे कारण नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभा १९२८ मध्ये बंद झाली आणि शिक्षणाच्या कामासाठी नवे मंडळ उभे राहिले. आपण मात्र पदाधिकाऱ्यांच्या भांडणापायी एका गावात तीन मंडळे काढतो आणि तिन्हींचे हिशेब थकवतो (हे मी आपल्या माणसांनाच म्हणते आहे). कलम ५० अ खाली समान उद्देशाच्या संस्थांचे एकत्रीकरण करता येते, तो मार्ग गावपातळीवर कुणी सुचवतही नाही.

त्या बैठकीत शेवटी विसर्जन बाजूला राहिले. आधी मयत विश्वस्तांचे मृत्यू दाखले गोळा करायचे, विलंब माफीच्या विनंतीसह बदल अर्ज द्यायचा, थकलेले हिशेब लेखापरीक्षकाकडून करून घ्यायचे. मंडळ चालवायचे की विहाराच्या जागेसह शेजारच्या गावातल्या मंडळात विलीन करायचे, हे नंतर. सध्या सभासद नोंदवहीचा शोध सुरू आहे. तीन-पंचमांश म्हणजे नेमके किती जण, हे तिच्याशिवाय सांगता येत नाही.