विश्लेषण : कुत्र्या-मांजरांच्या सांधेदुखीवर सप्लिमेंट निवडताना काय पाहावे?

नऊ-दहा वर्षांचा लॅब्राडॉर जिना चढताना मध्येच थांबू लागतो. मांजर खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारणे सोडून देते. अशा वेळी घरचे ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करतात किंवा मोबाइलवर सर्वाधिक स्टार असलेला ‘जॉइंट सप्लिमेंट’चा डबा मागवतात. दोन्ही वेळा भोगावे लागते ते मुक्या प्राण्याला.

आजार नेमका काय?

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजले की सांधा सुजतो, आखडतो आणि दुखतो. ही झीज कोणत्याही गोळीने भरून येत नाही. वेदना कमी करणे आणि हालचाल टिकवणे एवढेच हाती असते. मात्र प्रत्येक लंगडणे म्हणजे सांध्यांची झीज नव्हे. लिगामेंटची इजा, गोचीड ताप किंवा हाडाचा कर्करोगही त्यामागे असू शकतो. म्हणून आधी पशुवैद्यकांकडून तपासणी, मग खरेदी.

कोणता घटक उपयोगी?

सर्वाधिक खपतात ती ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिनची उत्पादने. पण कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये कुत्र्या-मांजरांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा या जोडीचा वेदनेवर परिणाम दिसला नाही. ओमेगा-३ मेदाम्लांचा फायदा मात्र दिसला. हळद, कोलेजन यांच्या बाजूचे पुरावे अजून तोकडे आहेत.

लेबलवर काय वाचावे?

‘फिश ऑइल १००० मिलिग्रॅम’ एवढ्यावर भागत नाही. त्यात ईपीए आणि डीएचए किती मिलिग्रॅम आहे, हे पाहावे. प्रमाण लिहिलेलेच नसेल, तर डबा बाजूला ठेवावा. बॅच क्रमांक, मुदत आणि उत्पादकाचा पत्ताही तपासावा. मात्रा प्राण्याच्या वजनानुसार पशुवैद्यकांनीच ठरवावी; ती जास्त झाल्यास जुलाब होऊ शकतात. कॉड लिव्हर ऑइल हा पर्याय नव्हे, कारण त्यातून ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे गरजेपेक्षा जास्त जाऊ शकतात.

गुण आला, हे कसे कळणार?

सुरू करण्यापूर्वी प्राण्याच्या चालण्याचा आणि उठण्या-बसण्याचा व्हिडीओ काढून ठेवावा. सहा ते आठ आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा काढावा. या काळात दुसरे काही नवे सुरू करू नये. फरक नसेल, तर पशुवैद्यकांशी बोलून ते बंद करावे.

काय कधीच देऊ नये?

घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. माणसांच्या चघळायच्या गोळ्यांमध्ये झायलिटॉल असेल, तर तेही कुत्र्यांसाठी विषारी ठरते.

खरा उपाय कोणता?

अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणे मिळालेले कुत्रे सडपातळ राहिले, सरासरी जवळपास दोन वर्षे जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीचा त्रासही उशिरा झाला. आपल्याकडे मात्र चहासोबतचे बिस्किट आणि ताटातली उरलेली पोळी हा लाडाचा भाग असतो. वजन आटोक्यात ठेवणे, रोज थोडे फिरवणे, गुळगुळीत टाइल्सवर जुनी सतरंजी टाकणे याला फारसा खर्च येत नाही.

सप्लिमेंट ही फार तर जोड आहे, उपचार नव्हे. वेदना जास्त असेल तर प्राण्यांसाठीची सुरक्षित औषधे पशुवैद्यकांकडे उपलब्ध आहेत. डब्याची डिलिव्हरी दुसऱ्या दिवशी येते म्हणून तपासणी महिनाभर पुढे ढकलली, तर तो महिना प्राणी दुखणे सोसत काढतो. त्याला ते सांगता येत नाही, एवढेच.